लाल ठिपका आणि आपलं शून्य

लाल ठिपका जिथे दिसतो तिथेच गोळी लागते, असं ज्याला मनापासून वाटतं त्याच्या हातात रायफल देऊ नये. आणि राग मानू नका, पण अशा माणसाच्या हातात व्हर्नियर कॅलिपरसुद्धा देऊ नये!

घाबरू नका मित्रांनो, मॅगझिनचं पान चुकलेलं नाही. इंग्लिश सेक्शन भरला म्हणून संपादकांनी मला इकडे पाठवलं. मी कॉन्व्हेंटची. माझं मराठी म्हणजे आईशी फोनवर बोलायचं मराठी, त्यात मेसच्या मावशींनी दोन वर्षांत घातलेली भर. तेव्हा भाषेचे अलंकार शोधू नका, मुद्दा तेवढा बघा. मुद्दा माझ्या दोन आवडत्या विषयांमधून आलाय. एक मेकॅनिकल, दुसरा एनसीसी.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर हॉस्टेलमधल्या प्राणिप्रेमी मैत्रिणी माझ्याशी बोलणं सोडतील. मी शिकारीचं समर्थन करायला बसलेली नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी घातली ते बरंच झालं. पण जगात असे देश आहेत जिथे शिकार कायदेशीर आहे आणि तिच्याभोवती नियमांचं मोठं कुंपण आहे. स्वीडन त्यातला एक. तिथे अडीच लाखांहून जास्त लोक शिकारीचं कार्ड काढतात. दर वर्षी शरद ऋतूत तिथल्या जंगलात एल्गची, म्हणजे अमेरिकेत ज्याला मूस म्हणतात त्या घोड्याएवढ्या हरणाची, शिकार होते. आज जगभर रायफलींवर दिसणारी लाल ठिपक्याची साइटही तिथलीच. माल्मो शहरातल्या एमपॉइंट कंपनीने १९७५ साली ती पहिल्यांदा शिकाऱ्यांसाठी बाजारात आणली. अमेरिकन सैन्याने ती घेतली १९९७ मध्ये. म्हणजे आधी शिकारी, मग सैनिक!

आता हे यंत्र आहे तरी काय? सिनेमात शत्रूच्या छातीवर नाचणारा लाल ठिपका आपण सगळ्यांनी पाहिलाय. तो लेझर. हा तो नव्हे. ह्या साइटमधून बाहेर काहीच जात नाही. एका छोट्या नळीत एक बारीकसा एलईडी असतो. त्याच्यासमोर एक वक्र काच. त्या काचेवर असा थर दिलेला असतो की तो फक्त लाल रंगाचा प्रकाश परत फेकतो, बाकीचा आरपार सोडतो. एलईडी त्या काचेच्या बरोबर नाभीवर बसवलेला असतो. नाभीतून निघालेले किरण परावर्तनानंतर समांतर होतात हे आपण बारावीत घोकलंय. किरण समांतर, म्हणून डोळ्याला तो ठिपका काचेवर दिसत नाही, लांब अनंतावर दिसतो. डोळा थोडा इकडेतिकडे हलला तरी ठिपका लक्ष्यावरून फारसा सरकत नाही. बंदुकीची माशी, मागची खाच आणि लक्ष्य अशा तीन गोष्टी एका रेषेत आणायची कसरत संपली. दोन्ही डोळे उघडे ठेवा, ठिपका लक्ष्यावर न्या, बस्स! शिवाय आताच्या काही साइट नाण्याएवढ्या बॅटरीवर सलग पाच वर्षं चालू राहतात. मोबाईल दिवसातून दोनदा चार्ज करणाऱ्या आपल्यासारख्यांनी लाजावं असं काम आहे.

इतकं सोपं झालं की माणूस विसरतो. काय विसरतो? तर ठिपक्याला गोळीबद्दल काहीही माहिती नसते. साइट ही काच, एलईडी आणि चार स्क्रू. तिच्या खाली बसवलेली रायफल हे वेगळंच यंत्र. दोघांची ओळख कुणीतरी करून द्यावी लागते. ही ओळख करून देणं म्हणजेच झीरोइंग, शून्य जुळवणं.

थोडं गणित करूया. मराठी सेक्शनमध्ये गणित चालतं ना? साइट नळीच्या मध्यापासून साधारण ४ सेंटिमीटर वर बसते. म्हणजे नजर वरून जाते आणि गोळी खालून निघते. स्वीडनमधलं जुनं आणि लोकप्रिय काडतूस ६.५ × ५५ घ्या. गोळी सेकंदाला सुमारे ८०० मीटर वेगाने निघाली असं धरा. १०० मीटर जायला तिला साधारण ०.१३ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण तिला जवळजवळ ८ सेंटिमीटर खाली ओढतं. ८ हे आणि ४ ते, एकूण १२. म्हणून नजरेच्या रेषेच्या तुलनेत नळी किंचित वर रोखलेली असावी लागते, १०० मीटरमध्ये १२ सेंटिमीटर चढेल इतकी. हा कोन एका अंशाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी. डोळ्याला दिसणं शक्यच नाही. असं जुळवलं की गोळी वर चढत ५० मीटरच्या आसपास नजरेच्या रेषेला भेटते आणि १०० मीटरवर पुन्हा भेटते. १५० मीटरवर ती ५ सेंटिमीटर खाली असते, आणि २०० वर चौदा-पंधरा. ठिपका मात्र चारही ठिकाणी तसाच, लालबुंद आणि आत्मविश्वासाने चमकत असतो! म्हणून शून्य कायम एका अंतराचं असतं, एका काडतुसाचं असतं. गोळीचं वजन बदललं की शून्य बदललं.

शून्य जुळवायची रीत काही अवघड नाही. पण तिला क्रम आहे. आधी साइटचे स्क्रू टॉर्क रेंचने सांगितलेल्या जोराने आवळायचे, कारण हलणाऱ्या साइटला शून्य नसतंच. मग रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवायची, बोल्ट काढायचा आणि मागून रिकाम्या नळीतून बघत लक्ष्य मध्यावर आणायचं. रायफल न हलवता ठिपका तिथे आणला की निदान गोळी कागदावर तरी लागेल. ठिपक्याचा उजेड कमी ठेवायचा, कारण तो झगझगीत केला की पसरतो. नेहमीच्या दोन मिनिट कोनाच्या ठिपक्याने १०० मीटरवर तसाही ६ सेंटिमीटरचा भाग झाकला जातो. मग ५० मीटरवरून तीन गोळ्या. तिन्ही वेळा नेम एकाच जागी. गोळ्या कुठेही लागोत, मध्ये काहीही बदलायचं नाही. तीन भोकांचा मध्य काढायचा आणि तो लक्ष्यापासून किती लांब आहे ते मोजायचं.

समजा मध्य ६ सेंटिमीटर खाली आणि ३ सेंटिमीटर उजवीकडे आला. साइटचा स्क्रू फिरवला की टिक टिक वाजतो. काही साइटमध्ये प्रत्येक टिकेला गोळी १०० मीटरवर १३ मिलिमीटर सरकते. पण आपण उभे आहोत ५० वर! म्हणजे इथे टिकेला साडेसहा मिलिमीटर. वरच्या दिशेने नऊ टिका, डावीकडे पाच. ज्याने अंतर लक्षात न घेता पुस्तकातला १३ चा आकडा धरला तो निम्म्या रस्त्यावर थांबतो आणि मग साइटला शिव्या देतो. पुन्हा तीन गोळ्या, पुन्हा मध्य. मग १०० मीटरवर जायचं, नळी थंड होऊ द्यायची आणि ज्या काडतुसाने शिकार करणार त्याच काडतुसाने खात्री करायची. एवढंच. एका सकाळचं काम.

ह्यात मला सगळ्यात आवडणारी पायरी कुठली सांगू? "मध्ये काहीही बदलायचं नाही" ही. एनसीसीत पॉइंट टू-टू रायफलवर आमचे उस्ताद हेच डोक्यात भरतात. पाच गोळ्या मारा, कुठे लागल्या ते नंतर. आधी एकत्र लागल्या का ते बघा. आधी ग्रुप, मग सेंटर. लक्ष्याच्या बाहेर पण रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत पाच भोकं असलेला कॅडेट त्यांच्या लेखी चांगला, आणि एक गोळी बरोबर मध्यावर पण बाकीच्या चार दिशांना चार असलेला कच्चा. पहिल्याची चूक स्क्रूने जाते. दुसऱ्याची सरावाने, आणि तीही हळूहळू. इन्स्ट्रुमेंटेशनच्या पुस्तकात ह्यालाच सिस्टिमॅटिक एरर आणि रँडम एरर म्हणतात. पण पुस्तकातली व्याख्या पाठ होते, आणि उस्तादांची समजते!

जो प्रत्येक गोळीनंतर स्क्रू फिरवतो त्याचं काय होतं? हे गणिताने दाखवता येतं. गोळी उजवीकडे २ सेंटिमीटर गेली, त्याने साइट डावीकडे २ ने वळवली. पण ते २ सेंटिमीटर साइटचे नव्हतेच, नेहमीच्या पसरटपणातले होते. आता पुढच्या गोळीत तिची स्वतःची चूक आहेच, वर मागच्या गोळीच्या चुकीची उलटी भरही आहे. दोन स्वतंत्र चुका एकत्र आल्या की व्हेरियन्स दुप्पट होतो, म्हणजे पसारा सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. क्वालिटी कंट्रोलवाले डेमिंग आपल्या व्याख्यानांत नरसाळं आणि गोटी घेऊन हेच दाखवत. सुधारायला गेलो आणि बिघडवून बसलो. उलट तीन गोळ्यांचा मध्य घेतला की अनिश्चितता वर्गमूळ तीनने कमी होते, पाचांचा घेतला की वर्गमूळ पाचने. काडतूस महाग असतं हे मान्य. पण एका गोळीवर जुळवलेलं शून्य त्याहून महाग पडतं.

महाग कुणाला पडतं, हा खरा प्रश्न आहे. माझं मत इथून सुरू होतं.

शून्य चुकलेल्या रायफलीने शिकाऱ्याचं फारसं काही बिघडत नाही. तो संध्याकाळी घरी जाऊन कॉफी पितो. बिघडतं ते एल्गचं. गोळी हृदय-फुप्फुसाच्या जागेऐवजी पोटात किंवा पायात लागते आणि ते जनावर काही किलोमीटर धावत जाऊन कुठेतरी झुडपात तडफडत पडतं. म्हणून स्वीडनने ही गोष्ट शिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलेली नाही. १९८५ पासून तिथे नव्या शिकाऱ्याला परीक्षा द्यावी लागते. त्यात ८० मीटरवर रुळावरून सरकणाऱ्या पूर्ण आकाराच्या एल्गच्या चित्रावर नेम धरून दाखवावा लागतो, आधी उभ्या, मग पळत्या. आणि एल्गसारख्या मोठ्या जनावराच्या शिकारीला जाताना, गोळी चालल्यापासून दोन तासांच्या आत माग काढणारा शिकवलेला कुत्रा त्या जागी पोहोचू शकेल अशी सोय ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. मला हा नियम फार आवडला. कारण तो गृहीत धरतो की परीक्षा पास झालेल्या माणसाचाही नेम चुकणार. चूक होणारच नाही असं मानत नाही. चुकीची किंमत जनावराने एकट्याने मोजू नये एवढंच बघतो.

यंत्रावर आंधळा विश्वास ठेवल्याचं एक उदाहरण देते. लाल ठिपक्याची चुलत बहीण म्हणावी अशी होलोग्राफिक साइट असते. ईओटेक ही त्यातली मोठी कंपनी, तेव्हा एल-३ कम्युनिकेशन्सच्या मालकीची. ह्या साइट अमेरिकन सैन्याला आणि एफबीआयला विकल्या गेल्या होत्या. कडाक्याच्या थंडीत आणि उन्हाच्या तापात त्यांचं शून्य सरकत होतं. अमेरिकन सरकारचा आरोप असा की कंपनीला हे कित्येक वर्षं माहीत होतं आणि तिने सांगितलं नाही. २०१५ च्या मार्चमध्ये एफबीआयने स्वतः चाचणी घेऊन तेच शोधून काढलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनीने २ कोटी ५६ लाख डॉलर भरून दावा मिटवला. ह्यात ठिपका दिसत नव्हता का? दिसत होता! तितकाच लाल, तितकाच स्थिर. बंद पडलेलं यंत्र निदान आपण बाजूला ठेवतो. चुकीचं शून्य घेऊन व्यवस्थित चालणारं यंत्र जास्त धोकादायक, कारण ते शंका येऊ देत नाही.

आता आपल्या आवारात या.

आपल्या लॅबमध्ये काय चालतं हे विद्यार्थ्यांना माहीत आहे आणि, सर-मॅडम, तुम्हालाही माहीत आहे. प्रॅक्टिकलचं उत्तर सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. ९.८१ यायला हवं. स्टीलचा यंग्ज मॉड्युलस २०० च्या आसपास यायला हवा. म्हणून उत्तराकडून रीडिंगकडे उलटा प्रवास होतो. सिनियरची जर्नल रूम नंबरप्रमाणे फिरते. सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये पन्नास पोरं-पोरी पन्नास सुंदर सरळ रेषा काढत असतात, आणि प्रत्येक बिंदू त्या रेषेवर टाचणीने टोचल्यासारखा! रायफलच्या भाषेत सांगायचं तर आधी भिंतीवर गोळी मारायची आणि मग तिच्याभोवती गोल काढायचा. मायक्रोमीटरची झीरो एरर हा जर्नलमधला रकाना मी पाहिलेल्या प्रत्येक जर्नलमध्ये भरलेला आहे, आणि प्रत्येक जर्नलमध्ये त्याचं उत्तर एकच आहे, "निल". अख्ख्या लॅबमध्ये एकाही उपकरणाचं शून्य हललेलं नाही. कपाटातून दोनदा पडलेल्या मायक्रोमीटरचंही नाही.

पोरांना दोष देणं सोपं आहे. पण पोरं तेच करतात ज्याला मार्क मिळतात. ज्याची रीडिंग खरी आहेत त्याची विखुरलेली दिसतात. त्याचं उत्तर ९.४ येतं. त्याला "रिपीट" असा लाल शेरा मिळतो. ज्याने घरी बसून ९.८ जुळवलं त्याला दहापैकी नऊ. आपणच त्यांना शिकवतोय की ठिपका चमकला की झालं, गोळी कुठे गेली ते बघायचं नाही.

ह्यावर मला दोन उत्तरं मिळतात. पहिलं मित्रांचं. "अगं, जर्नलने कुणी मरत नाही." खरंय, जर्नलने नाही मरत. पण हीच मंडळी दोन वर्षांनी साइटवर काँक्रीटच्या क्यूबचा टेस्ट रिपोर्ट सही करणार आहेत, बॉयलरचा प्रेशर गेज तपासणार आहेत, हॉस्पिटलच्या यंत्राचं सॉफ्टवेअर लिहिणार आहेत. त्या सहीच्या पलीकडे एक माणूस असतो, ज्याने आपल्याला कधी पाहिलेलंही नसतं. एल्गने तरी शिकाऱ्याला कुठे पाहिलेलं असतं? "निल" लिहायची सवय नोकरीच्या पहिल्या दिवशी आपोआप सुटत नाही.

दुसरं उत्तर स्टाफचं, आणि ते मला जास्त पटतं. दोन तास, वीस जणांची बॅच, तीन उपकरणं, त्यातलं एक बिघडलेलं. युनिव्हर्सिटीचा सिलॅबस पुरा करायचा. शून्य तपासत बसलो तर प्रयोग कधी होणार? हे खोटं नाही. पण शून्य तपासायला पाच मिनिटं लागतात. उस्ताद साठ कॅडेट, मोजक्या रायफली आणि मोजून दिलेल्या गोळ्या घेऊन तेच करून घेतात. वेळ कमी असतो म्हणूनच ते ग्रुपिंग आधी घेतात. नाहीतर सगळ्या गोळ्या वाया.

नुसती टीका करून थांबणं मला बरं वाटत नाही. म्हणून तीन सूचना. एक, प्रत्येक उपकरणाला दोऱ्याने एक कार्ड बांधा. जो वापरेल त्याने तारीख आणि त्या दिवशीची झीरो एरर लिहावी. वर्षभराने ते कार्डच एक प्रयोग झालेला असेल. दोन, कच्ची रीडिंग लॅबमध्येच पेनने लिहून सरांची सही घ्यावी. खोडाखोड चालेल, पण नवीन पान चालणार नाही. तीन, आणि ही सगळ्यात महत्त्वाची, दहापैकी चार मार्क उत्तराला नकोत. ते "तुझं उत्तर किती चुकलं आणि का" ह्या अर्ध्या पानाला द्या. ९.४ आलेल्या मुलाने "स्टॉपवॉच दाबायला मला उशीर होतो, म्हणून" असं लिहिलं आणि आकड्याने दाखवलं, तर त्याला पूर्ण मार्क द्या. त्याने ग्रुप आणलाय. सेंटर स्क्रूने येईल.

मुलींच्या आणि मुलांच्या, दोन्ही हॉस्टेलसाठी एक शब्द जाता जाता. एक युनिट टेस्ट खराब गेली की अभ्यासाची पद्धत बदलायची, एक इंटरव्ह्यू गेला की ब्रँचच चुकली म्हणायचं, एक केटी लागली की आपण इंजिनिअरिंगच्या लायकीचे नाही असं ठरवायचं. प्रत्येक गोळीनंतर स्क्रू फिरवू नका रे! निदान तीन तरी मारा. मग मध्य काढा. मग ठरवा.

आणि ज्या दिवशी सगळं अगदी नीट चाललंय असं वाटेल, ठिपका मस्त लाल दिसत असेल, त्या दिवशी न विसरता एकदा कागदावर गोळी मारून बघा.

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल